सलग जमीन

थोरलीचं लग्न ज्या साली झालं, त्याच साली टेकाडावर ते पोर सापडलं. मुकादमांना साल आकड्यात आठवत नाही. आई गेली ते साल, धाकटा नोकरीला लागला ते साल, गुडघा बसला ते साल, असे खुंटे ठोकून ठेवलेत आणि बाकीची वर्षं त्यांना बांधलेली. थोरलीच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली, म्हणजे पोर सापडल्यालाही सव्वीस. एवढ्या वर्षांत पोर कुठल्या कुठे पोचलं. खोदकाम चालवणाऱ्या सरांच्या जाड पुस्तकात गेलं, शाळेच्या पुस्तकात चित्र होऊन बसलं, संग्रहालयात काचेखाली झोपलं. मुकादम मात्र टेकाडावरून उठले ते थेट विद्यापीठाच्या तळघरात येऊन बसले. रिटायर झाल्यावरही तिथेच राहिले, कारण खोदकामातली तीन हजार खोकी कुठल्या मांडणीवर कुठे आहेत हे त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. तळघराला एकच खिडकी, छताला लागून, आणि तिच्यातून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसायचे. सोमवारी साडेअकराला त्या तळघरात एका मुलीनं मुकादमांना एक प्रश्न विचारला आणि ते "नाही" म्हणाले. म्हणून झाल्यावर त्यांना वाटलं, आपल्या पाठीमागे कुणीतरी दार ओढून घेतलं. वळून पाहिलं तर दार उघडंच होतं.

मुलगी म्हणजे तिशीची बाई, पीएच.डी. करणारी, पण सत्तरीच्या माणसाला ती मुलगीच. तळघरातल्या ट्यूबलाइट मनाला येईल तेव्हा पेटतात, म्हणून ती कपाळाला दिवा बांधून खोक्यांत शिरायची. मुकादमांनी तिचं नाव बॅटरी ठेवलं, आधी मनात, मग तोंडावर. तिला राग आला नाही. त्या सोमवारी तिनं लॅपटॉप खोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "काका, इकडे या. हा फोटो बघा."

"थांब, चष्मा वर राहिला."

"डोक्यावर आहे तुमच्या."

"तेच म्हटलं, वर राहिला."

फोटो टेकाडावरच्या चराचा होता. चर म्हणजे चार पावलं लांब, चार पावलं रुंद असा सरळ उभ्या भिंतींचा चौकोन, खोदकामाला आखलेला. बॅटरीनं फोटो मोठा केला, मग काळा-पांढरा केला, मग काळं आणखी काळं केलं. चराच्या भिंतीत वरून खाली एक तिरकी रेघ उतरत होती, दुधावर साय धरावी तेवढी पातळ.

"उंदराचं बीळ असेल," मुकादम म्हणाले.

"उंदीर इतकं सरळ खणतो?"

"आमच्या वेळचे उंदीर शिस्तीचे होते."

ती हसली. मग हसू पुसून म्हणाली, "काका, हा खड्डा आहे. वरच्या थरातून खणलेला. तो पोरावरच्या त्या जुन्या घराच्या जमिनीतून आरपार गेला असेल, तर ते पोर त्या घरातलं नाही. घर मोडून शेकडो वर्षं झाल्यावर दुसऱ्याच कुणीतरी ते तिथं पुरलं. तुम्हीच खणत होता ना तो कोपरा? खड्डा होता का?"

"नाही."

"माती मऊ लागली नव्हती? रंग बदलला नव्हता?"

"नाही म्हटलं ना, पोरी. जमीन सलग होती."

मग ती सांगू लागली की पोराचा एक दात तिनं तपासायला पाठवला होता, किती जुना ते कळेल म्हणून. पण तेव्हा हाडं ठिसूळ म्हणून त्यांच्यावर जो लाखेसारखा लेप दिला होता, त्यानं सगळी तपासणी बाद केली. लेप कुणी दिला होता हे तिनं विचारलं नाही. तो मुकादमांनीच दिला होता, बारीक कुंचल्यानं, तीन हात. "तेव्हा त्या कोपऱ्यात काय होतं हे सांगणारे आता तुम्हीच उरलात, काका," ती म्हणाली. तिच्या कपाळावरचा दिवा सरळ त्यांच्या डोळ्यांत येत होता. तिला ते ध्यानात नव्हतं. मुकादमांनी हात आडवा धरला, आणि तिला वाटलं, ते डोळे पुसताहेत.

संध्याकाळी घरी जाताना रस्ता उकरलेला होता. पाण्याची नळी टाकायला नगरपालिकेनं गल्लीभर चर मारला होता आणि येण्याजाण्याला एक फळी टाकली होती. मागे माणसं खोळंबली तरी मुकादम फळीवर थांबले. उकरलेल्या जमिनीची भिंत दिसली की त्यांचे पाय थांबतात. चाळीस वर्षांची खोड, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. वर डांबर, डांबराखाली खडी, खडीखाली आणखी एक जुनं डांबर, मग विटांचा चुरा, मग काळी राख, राखेत एक तुटकी कपाची कड. सर म्हणायचे, राजे लिहून ठेवतात, बाकीचे टाकून ठेवतात. आपलं काम टाकलेलं वाचायचं. चुलीजवळची राख, उष्टी हाडं, फुटलेली मडकी, उंबऱ्याशी झिजलेला दगड. एवढ्यावरून सांगायचं की या घरात किती तोंडं होती, ती काय खात होती, कुणाला मानत होती, कुणाला भीत होती. वस्तू कुणालाही सापडते, सर म्हणायचे, आपल्याला जागा सापडली पाहिजे. कुठल्या थरात, कशाच्या वर, कशाच्या खाली. जागेवरून उचललेली वस्तू म्हणजे साक्षीला आलेला मुका. वरचं नंतरचं, खालचं आधीचं, हा एकच कायदा. आणि तो मोडणारे तिघं: उंदीर, झाडाचं मूळ आणि माणूस. माणूस खड्डा खणतो आणि आपलं आजचं सामान कालच्या थरात नेऊन ठेवतो. म्हणून खड्डा दिसला की हात थांबवायचा, ओरडायचं, कडेनं खिळे ठोकून दोरी फिरवायची, चित्र काढायचं, फोटो घ्यायचा आणि खड्ड्यातली माती वेगळी, खड्ड्याबाहेरची वेगळी काढायची. "आजोबा, चालता का?" मागून कुणीतरी म्हणालं. मुकादम फळीवरून पुढे सरकले. दोन्ही बाजूंना चर आणि मागे माणसं. फळी सोडून पाय ठेवायला जागा नव्हती.

घरात दोन खोल्या आणि मुकादमीणबाई. त्यांना सगळी इमारत मुकादमीणबाई म्हणते, आणि मुकादम त्यांना काहीच म्हणत नाहीत, "अगं" म्हणतात. स्वयंपाकघरातली ओट्याखालची एक फरशी पोकळ वाजते. मुकादम आले तसे तिथे वाकून बोटांनी ती वाजवू लागले.

"अहो, आल्याआल्या फरशी काय ठोकताय? आत कोण आहे, दार उघडायला?"

"खालची माती बसलीय."

"बसू दे. तुम्हीपण बसा. चाळीस वर्षं जमीन उकरली, आता माझं स्वयंपाकघर तेवढं सोडा."

ते बसले. चहाचा कप उचलताना मनगटाला पुन्हा ते जाणवलं. मनगटाला म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूला, नाडी लागते तिथे. कडक मातीवर थापी चालते तेव्हा ती हाताला उलट बोलते, प्रत्येक फटक्याला उत्तर देते. आणि अचानक एका फटक्याला उत्तर येत नाही. थापी आत जाते, लोण्यात जावी तशी, आणि मनगट पुढे झुकतं. अंधारात जिन्याची पायरी संपलेली असते आणि आपण आणखी एक पायरी आहे असं समजून पाय टाकतो, तसं. सव्वीस वर्षं ते झुकणं मनगटात राहिलं होतं. ओला साबण बोटाखाली दबला की यायचं, उशीत कोपर रुतलं की यायचं. मुकादम त्याला संधिवात म्हणायचे. बायकोनं त्यावर दोन तेलं आणि एक लोकरीचा पट्टा करून पाहिला होता.

त्या दिवशी सकाळी ते चराच्या कोपऱ्यात एकटे होते. दोघं गडी पाट्या भरून वर नेत होते, सर टेकाडाच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या चरात. घराची जमीन लागली होती, पिवळी, चोपलेली, तळहाताएवढी जाड, तीन हजार वर्षं पायांखाली नसूनही पायांनी गुळगुळीत केलेली. तिच्यावर थापी टणटण वाजत होती. तंबूच्या खांबाला मुकादमांची पिशवी लटकत होती; तीत नवा सदरा, थोरलीसाठी घेतलेलं मनगटी घड्याळ आणि दाढीचं सामान. बारा वाजताची गाडी, दिवसातून एकच. लग्न दोन वाजता. सरांना त्यांनी आठ दिवस आधी सांगितलं होतं, सरांनी मान हलवली होती, पण सरांची मान खोदकामाच्या दिवसांत कशालाही हलायची. दहाच्या सुमाराला कोपऱ्यात थापी आत गेली. पिवळ्या जमिनीत हातभर रुंद, दोन हात लांब असा राखाडी डाग होता आणि त्याला स्वच्छ कड होती, सुरीनं कापल्यासारखी. मुकादमांनी मान वर केली. कुणी पाहत नव्हतं. ओरडलं असतं तर सगळं काम थांबलं असतं, खिळे आले असते, दोरी आली असती, आणि असल्या कामाला मुकादमांशिवाय दुसऱ्याचा हात सरांना चालत नव्हता. दोन दिवस तरी. त्यांनी आणखी एकदा पिशवीकडे पाहिलं आणि थापी आडवी धरून डागाच्या कडेची पिवळी जमीन खरवडायला सुरुवात केली. खड्ड्यातली माती आणि खड्ड्याबाहेरची माती एकाच पाटीत गेली. दहा मिनिटांत कड नाहीशी झाली. नुसते गप्प बसले असते तर निराळं, माणूस विसरला म्हणता आलं असतं. पण मुकादमांनी ती कड आपल्या हातानं पुसली होती, आणि हात इतका तरबेज की मागे खूण राहिली नाही. चराच्या उभ्या भिंतीत तेवढी राहिली, सायीएवढी. तिकडे त्यांचं लक्ष गेलं नाही.

सव्वाअकराला हाड लागलं. मग कवटी, वाटीएवढी. कुशीवर झोपलेलं, गुडघे पोटाशी घेतलेलं चारेक वर्षांचं पोर, उशाशी एक मातीचं बुडकुलं. सर पळत आले, टोपी वाटेत उडाली ती उचलायला थांबले नाहीत. चराच्या काठावर गुडघे टेकून त्यांनी विचारलं, "मुकादम, वरची जमीन सलग होती?"

"सलग होती, सर."

एवढंच. सर तिथेच मातीत बसले. "म्हणजे यांनी पोराला घराबाहेर काढलंच नाही," ते कुणाला तरी सांगावं तसं म्हणाले. "वर चूल, वर झोपायचं, वर भांडायचं आणि खाली हे. गेलेलं माणूस यांच्यात घरातच राहायचं." पुढं सरांनी त्यावर तीनशे पानं लिहिली. त्या वस्तीत घर म्हणजे चार भिंती नव्हेत, जिवंत आणि मेलेल्यांचं मिळून एक कुटुंब. जमिनीवर हक्क कुणाचा, तर ज्याची माणसं तिच्याखाली आहेत त्याचा. असं पान पान चढत गेलं. पण त्या क्षणी सरांनी मुकादमांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अहो, तुम्ही अजून इथं काय करताय? पोरीचं लग्न ना आज? जा, जा. मी बसतो इथं." मुकादम गाडीत बसले तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की खड्डा सांगितला असता तरी सर असंच म्हणाले असते. कदाचित. ते "कदाचित" घेऊन ते दीड तास खिडकीशी बसले होते, आणि मग गाडीचं चाक पंक्चर झालं. पोचले तेव्हा साडेचार वाजले होते. लग्न लागून गेलं होतं, मंडळी जेवून हात धूत होती. थोरलीनं त्यांना पाहिलं, जवळ आली, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "बाबा, तुमच्या नखांत माती आहे." उशीर का झाला हे तिनं तेव्हाही विचारलं नाही आणि पुढेही कधी नाही.

मंगळवार, बुधवार, गुरुवार. बॅटरी रोज यायची, खोकी काढायची, खोकी ठेवायची, त्या विषयावर अवाक्षर काढायची नाही. तिनं काढलं असतं तर बरं, असं मुकादमांना वाटायचं; दोन शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. शुक्रवारी तिनं डबा खाताना सहज सांगितलं की तिचे गाइड म्हणतात, फोटोतली रेघ ही फोटोतली रेघ; खणणारा माणूस जिवंत आहे, तो सलग म्हणतोय, मग तुझं ते प्रकरण उभंच राहत नाही. प्रबंध तीन महिन्यांनी द्यायचाय. "पाच वर्षं गेली त्या रेघेच्या मागे," ती म्हणाली, "पण तुम्ही नाही म्हणालात म्हणजे नाही. तुमच्या हाताला कळलं नसतं असं होणार नाही." तिचा विश्वास बसला होता. मुकादमांनी डब्याचं झाकण लावलं. छताजवळच्या खिडकीतून एक बाई गेली, एक सायकलचं चाक गेलं, एक कुत्रं थांबून आत पाहून गेलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खरं सांगावं तर सरांच्या म्हातारपणावर पाणी, न सांगावं तर या पोरीच्या तरुणपणावर; आणि दोन्हीकडे भांडं एकच, मुकादमांच्या हातातलं.

सर सहा महिने अंथरुणाला खिळले होते. सत्त्याऐंशी वय, खुब्याचं हाड मोडलेलं. सून करायची. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन दोन महिने सांगितले होते आणि सरांनी ते भिंतीपलीकडून ऐकलं होतं. रविवारी मुकादम गेले तेव्हा सर भिंतीकडे तोंड करून पडले होते. खोलीत पुस्तकं, औषधं आणि उकळलेल्या पाण्याचा वास. मुकादम खुर्चीत बसले. याच माणसानं त्यांना पस्तिसाव्या वर्षी अक्षरं शिकवली होती, तंबूत, पाटीवर नाही तर खापरांवर; कारण सापडलेल्या वस्तूंच्या पिशव्यांत चिठ्ठ्या घालायच्या असत आणि सर म्हणाले होते, खणणाऱ्यानंच लिहायची. स्वतःच्या नावाच्या आधी मुकादमांना "थर" लिहिता आलं होतं.

"सर, ती जमीन सलग नव्हती."

सर वळले नाहीत. आत सून भांडी घासत होती.

"कुठली?" सरांनी विचारलं. पण त्यांना कळलं होतं.

"पोरावरची. खड्डा होता. मला लागला होता. मी कड खरवडली."

आता सर वळले. मुकादमांनी अंग आवळून घेतलं, जसं लहानपणी बापासमोर घ्यायचे. सरांनी उशीवर डोकं वर घेतलं आणि विचारलं, "रंग?"

"राखाडी."

"राख होती की नुसता रंग?"

"राखेत कोळशाचे कण. मऊ. ओलसर."

"रुंदी?"

"हातभर. लांब दोन हात."

"कड उभी की उतरती?"

"एका बाजूला उभी, आमच्या बाजूला. पलीकडे उतरती."

सरांची बोटं चादरीवर हलत होती, खड्ड्याची कड काढत होती. डोळ्यांत पाणी होतं की लकाकी, मुकादमांना सांगता आलं नसतं. "डावखुरा खणणारा," सर पुटपुटले. "किंवा घाईत होता." मग बोटं थांबली. "म्हणजे ते पोर त्यांचं नव्हतंच."

"सर, ती मुलगी यावरच लिहितेय. तिला सांगायला पाहिजे."

"का केलंत, मुकादम?"

"थोरलीचं लग्न होतं. बाराची गाडी."

सर हसले. आवाज न करता, खांदे हलवून. मग म्हणाले, "मी असेपर्यंत नको. सव्वीस वर्षं मी त्या पोराला त्या घरात झोपवलंय. आता मला ते बाहेर काढवत नाही. डॉक्टर दोन महिने म्हणतात. तिचा प्रबंध कधी?"

"तीन महिन्यांनी."

"बसतंय. मी गेलो की दुसऱ्या दिवशी सांगा. शब्द द्या."

मुकादमांनी शब्द दिला. ज्याला फसवलं त्यानं हात पुढे केल्यावर नाही म्हणणार कसं? जिना उतरताना त्यांना हलकं वाटलं आणि रस्त्यावर आल्यावर त्यांना कळलं की आपण सरांच्या मरणाची तारीख धरून बसलोय.

पुढच्या रविवारी सरांनी निरोप धाडून बोलावलं. उशीला टेकून बसले होते, हातात पेन्सिल होती. खड्ड्याच्या तळाशी माती कशी होती? बुडकुलं कोणत्या कुशीला होतं? त्याच्या पुढच्या रविवारी त्यांनी कागदावर खड्डा काढून ठेवला होता आणि त्याभोवती टेकाड. "असं बघा," ते म्हणाले, "हे लोक वाटसरू. इथं त्यांचं काही नाही, ना घर, ना चूल. वरच्या थरात आपल्याला काहीच मिळालं नाही, आठवतंय? चालता चालता पोर गेलं. थांबायला सवड नाही. मग त्यांनी आसपासची उंच जागा पाहिली. खाली कुणाचं घर होतं हे त्यांना ठाऊकही नाही. उंच का? परत या वाटेनं आलो तर लांबून दिसावी म्हणून." मुकादम ऐकत राहिले. तीनशे पानांच्या पुस्तकात असं एक वाक्य नव्हतं. सर बोलत आणि खोलीचं दार लावलेलं असे. सुनेनं ऐकू नये म्हणून सर आवाज बारीक करत, म्हणून मुकादमांना खुर्ची पुढे ओढावी लागे, अगदी तोंडाशी.

"काका, तुम्ही येऊन गेलात की बाबा पोटभर जेवतात," सून दारात म्हणाली. "काय जादू केलीत?"

दुसऱ्या महिन्यात सर काठी धरून उभे राहिले. डॉक्टरांनी हात टेकले, म्हणाले, काही माणसांचं काही सांगता येत नाही. मुकादमांना आनंद झाला. आनंद झाला हे खरं होतं, ते त्यांनी स्वतःला दोनदा विचारून घेतलं. पण घरी फोन वाजला की त्यांच्या छातीत काहीतरी उडी मारायचं आणि दुसऱ्या बाजूला थोरली किंवा विम्याची बाई निघाली की ते खाली बसायचं. ते काय होतं हे मात्र त्यांनी विचारलं नाही. "बाबा, आवाज का असा?" थोरली म्हणायची. "झोपेतून उठवलं का?" ते हो म्हणायचे. बायको म्हणाली, "हल्ली फोनवर असे झडप घालता, कुणी बाईमाणूस आहे का दुसरं?" त्यांनी तिलाही हो म्हटलं. ती इतकी हसली की शेजारीण पाहायला आली.

तिसऱ्या महिन्यात त्यांनी सरांना विचारलं, "सर, आता सांगू का? प्रबंध जातोय तिचा."

"मी गेलोय का?" सर म्हणाले, आणि नवी कवळी दाखवून हसले. मग मुकादमांचं तोंड पाहून गंभीर झाले. "शब्द दिलाय तुम्ही."

"सर, तिची पाच वर्षं गेली."

"माझी सव्वीस. आणि तिला आणखी पन्नास आहेत." सरांनी कागद पुढे ओढला. "बुडकुल्याचं तोंड वर होतं की आडवं?"

त्या संध्याकाळी मुकादम तळघरात उशिरापर्यंत थांबले. पोर सापडलं त्या चरातल्या मातीच्या खोक्यासमोर स्टूल घेऊन बसले. कोरी चिठ्ठी समोर, शिसपेन्सिल हातात. टेकाड, चर, थर, इतकं हात आपोआप लिहून गेला. मग तारीख आली. चिठ्ठीवर तारीख खणल्या दिवसाची लिहायची आणि त्याच दिवशी लिहायची, हा सरांचा पहिला धडा. मागाहून लिहिलेली चिठ्ठी म्हणजे खोटी साक्ष. ती सापडली की पिशवीसकट फेकून द्यायची, कितीही मोलाची वस्तू असली तरी. मुकादमांनी स्वतः अशा कितीतरी पिशव्या फेकल्या होत्या, एका पोरसवदा मदतनिसाला त्यावरून रडवलंही होतं. आजची तारीख घालावी तर चिठ्ठी बाद, तेव्हाची घालावी तर खोटी. आणि जिवंत माणसाला शब्द देऊन त्याच्या पाठीमागे खोक्यात चिठ्ठी लपवायची म्हणजे पुन्हा तेच, कुणी पाहत नाहीसं बघून. चिठ्ठी फाडून त्यांनी तुकडे खिशात घातले. तळघरातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकायलाही धीर झाला नाही. बॅटरी कचरा वाचणाऱ्यांतली होती.

प्रबंध गेला. बॅटरीनं ते प्रकरण काढून टाकलं आणि त्या जागी भांड्यांच्या काठांवर चाळीस पानं घातली. तिला पदवी मिळाली, दूरच्या शहरात नोकरी लागली. निघताना ती तळघरात आली, वाकून मुकादमांच्या पाया पडायला लागली तर ते मागे सरकले आणि मांडणीला धडकले.

"काका, एक विचारू? आता काही फरक पडत नाही. थोडीसुद्धा मऊ नव्हती माती?"

तोंडापर्यंत आलं होतं. सर त्याच वेळी, दोन मैलांवर, काठी टेकत बाल्कनीत येऊन बसले असणार, ऊन खायला.

"आठवत नाही, पोरी," मुकादम म्हणाले.

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. आधी ते नाही म्हणाले होते, आता आठवत नाही म्हणाले, आणि या दोन्हींतला फरक तिला कळला. थरांतला फरक ओळखायचं तर तिचं शिक्षण होतं. एका चिठ्ठीवर तिनं आपला फोन नंबर लिहिला, खाली त्या दिवसाची तारीख घातली, आणि ती मुकादमांच्या सदऱ्याच्या खिशात सरकवली. "कधी आठवलं तर," ती म्हणाली. छताजवळच्या खिडकीतून तिचे पाय जाताना दिसले, मग दुसऱ्या कुणाचे, मग दुसऱ्या कुणाचे.

त्यानंतर मुकादम दर रविवारी सरांकडे जात राहिले. खड्डा आता सरांना पाठ झाला होता. वाटसरूंची संख्या, त्यांच्याजवळची जनावरं, खणणाऱ्या डावखुऱ्या माणसाचं पोराशी नातं, सगळं जागेवर बसत चाललं होतं, आणि त्यातलं एक अक्षर सर कागदावर उतरवत नव्हते. चित्रंसुद्धा दाखवून झाली की फाडत. सगळं मुकादमांना सांगत. सांगून झालं की म्हणत, "मी गेल्यावर हे नीट सांगा तिला. क्रमानं सांगा. विसराल." मुकादम क्रमानं म्हणून दाखवत. चुकलं तर सर दुरुस्त करत आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावत. सून बाहेरून चहा घेऊन यायची तेव्हा दोघं हवेवर बोलायचे. मुकादमांचं मनगट दुखेनासं झालं होतं. त्याऐवजी आता गळ्याशी काहीतरी बसलं होतं, तिथे तेल चालत नव्हतं. बायको म्हणायची, डॉक्टरला दाखवा. ते म्हणायचे, दाखवू, एवढं एक काम होऊ दे. कसलं काम, असं तिनं विचारलं की ते ओट्याखालच्या फरशीकडे पाहत राहायचे.

मुकादम पुढच्या वर्षी मार्चच्या नऊ तारखेला, मंगळवारी सकाळी, तळघरात वारले. सर त्यानंतर एक वर्ष आणि सात महिने जगले, आणि ऑक्टोबरच्या अकरा तारखेला गेले.